दान आणि उंबरठा

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारे विद्यार्थ्यांचे बंधुसंघ आणि विद्यार्थिनींचे भगिनीसंघ असतात. त्यांस तिकडे फ्रॅटर्निटी व सोरॉरिटी म्हणतात. ज्यांची मुले तिकडे शिकावयास गेली आहेत, अशा आमच्या स्नेह्यांत या संघांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी त्यांस मद्यप्यांचे अड्डे म्हणतात, तर कोणी त्यांच्या परोपकाराचे गोडवे गातात. आमच्या मते दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे. मात्र निर्णय घाईचा आहे.

यांतील आद्य मंडळ म्हणजे फाय बीटा कॅपा. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ते वादविवाद व वाङ्मयचर्चा यांसाठी निघाले. शपथा आणि गुप्त खुणाही तेव्हापासूनच्याच. पुढे संघ वाढले आणि लोकोपयोगी कार्य हा त्यांच्या प्रतिष्ठेचा एक आधार झाला. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बंधुसंघांनी १९७३ साली अखंड नृत्याचा एक उपक्रम आरंभिला. आता त्यात विद्यार्थी ४६ तास न बसता, न झोपता उभे राहतात आणि कर्करोगग्रस्त बालकांसाठी निधी जमवितात. २०१७ च्या फेब्रुवारीत हा निधी एक कोटी डॉलरांवर गेला. त्याच महिन्यात, त्याच विद्यापीठातील एका संघाच्या घरी एका नवागताला प्रवेशविधी म्हणून मद्य पाजण्यात आले. तो जिन्यावरून कोसळला. कित्येक तास कोणी वैद्यकीय साहाय्य बोलाविले नाही, आणि तो दगावला. २०१८ साली त्या राज्याने असल्या छळाविरुद्ध कडक कायदा केला.

मग तो निधी ढोंगाचा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. आजारी बालकाला मिळालेले औषध खरेच असते. परंतु दानाने पाप धुतले जाते, ही समजूत आपल्याकडेही जुनीच आहे, आणि तिने पुष्कळांची झोप सुखाची केली आहे. आमच्याच वसतिगृहांतील छळ थांबविण्यासाठी महाराष्ट्राला १९९९ साली कायदा करावा लागला. नवख्या मुलांना रात्र रात्र उभे करणारे जे विद्यार्थी आमच्यासमोर चौकशीस आले, त्यांत पूरग्रस्तांसाठी दारोदार फिरून वर्गणी जमविणारेही होते. त्यांची कणव खोटी नव्हती. फक्त ती शेजारच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हती.

याहून निराळे उदाहरणही आहे. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी अल्फा कॅपा अल्फा हा भगिनीसंघ स्थापिला. १९३५ ते १९४२ या काळात उन्हाळ्याच्या दिवसांत त्याच्या सभासद स्त्रिया मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यांत जात आणि तेथील गरीब मुलांना देवी व घटसर्प यांच्या लसी टोचण्याची व्यवस्था करीत. येथे दान देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये अंतरच उरले नव्हते.

म्हणून आपला मुलगा वा मुलगी अशा संघात जाऊ म्हणेल, तेव्हा पालकांनी आधी वर्गणीचा आकडा विचारू नये. काल दाराशी आलेल्या नवख्याला संघाने कसे वागविले, हे विचारावे. उत्तर देताना मूल अडखळले, तर आणखी चौकशी अवश्य करावी.