माझी चांदीची बँक

धनत्रयोदशीला काहीतरी चांदीचं घ्यायचंच, हा माझ्या माहेरचा रिवाज. लग्न होऊन मी नोएडाला आले, तेव्हा तो रिवाजही माझ्याबरोबर आला. कधी पैंजण, कधी निरांजन, कधी करंडा. दरवर्षी चांदणी चौकातल्या दरीबा कलाँमधून एखादी वस्तू आणायची आणि कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवून द्यायची. नवरा म्हणायचा, ''अगं, हे पैसे निदान पोस्टात तरी टाक.'' मी ऐटीत उत्तर द्यायची, ''ही माझी बँक आहे. अडीअडचणीला हीच धावून येईल.''

अडचण आली २०२३ च्या मार्चमध्ये. नवऱ्याचा तीन महिन्यांचा पगार थकला आणि पाठोपाठ नोकरीही गेली. मुलाच्या शाळेचे ६० हजार रुपये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरायचे होते. ''तू काळजी करू नकोस,'' असं म्हणून मी डबा खाली काढला. बिलं जपून ठेवलेली होती. सात वर्षांत मी ७२ हजार रुपये घातले होते. मधल्या काळात भावही चढला होता. ऐंशी हजार तरी कुठे गेले नाहीत, असा हिशेब मनात करून मी मेट्रोत बसले.

दरीब्यातल्या पहिल्याच दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून माझा चेहरा उतरला. हा मला फसवतोय, असंच वाटलं. शेजारच्या दुकानातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, ''बेटी, कूचा महाजनीत जाऊन टंच काढून घे. म्हणजे तुझा संशय फिटेल.''

कूचा महाजनी म्हणजे चांदणी चौकातली सोन्याचांदीची घाऊक बाजारपेठ. त्या अरुंद गल्लीत, एका जिन्याखालच्या भट्टीजवळून चक्क मराठी शब्द कानावर पडले. भट्टीवाले काका सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे निघाले. खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली हजारो माणसं पिढ्यान्पिढ्या भारतभर गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा करतात, हे मी लिहिण्यावाचण्यात ऐकलं होतं. प्रत्यक्ष भेट त्या दिवशी झाली.

काकांनी आधी मला नीट विचारलं, ''ताई, वितळवल्यावर मोड परत जोडता येत नाही. नक्की ना?'' मी मान हलवली. माझी सात वर्षांची धनत्रयोदशी मुशीत गेली, वर टाकणखाराची चिमूट पडली आणि थोड्या वेळाने एक मळकट लगड बाहेर आली. तिचा कण यंत्राखाली तपासून काका म्हणाले, ''बासष्ट टंच.'' म्हणजे १०० ग्रॅममध्ये चांदी फक्त ६२ ग्रॅम. बाकीचं तांबं, जोड आणि भेसळ. हाती आले ४६ हजार.

मी रडवेली झाले. काका कागदाचा तुकडा घेऊन समजावू लागले. ''समजा, चांदी १०० रुपये ग्रॅम आहे. १०० ग्रॅमच्या पैंजणांचे तुमच्याकडून १० हजार घेतले आणि घडणावळ दीड हजार. झाले साडेअकरा हजार, वर जीएसटी वेगळा. विकायला गेलात तर ७० टंचाच्या मालाचे मिळणार ७ हजार. भाव दीडपटीहून जास्त चढला, तरच तुमची मुद्दल सुटणार. चांदीने तुम्हाला फसवलं नाही, ताई. तुम्ही दागिना घेतलात आणि त्याला गुंतवणूक म्हणालात.''

ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. नवऱ्यापासून लपवावं असंही एकदा वाटलं, पण १४ हजार कमी पडत होते. सांगावंच लागलं. तो हसला नाही की टोमणाही मारला नाही, एवढंच म्हणाला, ''उरलेले मी मित्राकडून आणतो.'' त्याचं ते न बोलणंच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी चांदीचा थोडा अभ्यास केला. ज्यांना ठोस चांदीच हवी, त्यांनी ९९९ शुद्धतेचं नाणं किंवा लगड घ्यावी, पक्कं बिल घ्यावं आणि घेतानाच विचारावं की, परत घेताना किती कापाल? दागिना घ्यायचा तर हॉलमार्क पाहावा. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी ओळख क्रमांकही येऊ लागला. तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. सांभाळण्याची कटकट नको असेल, तर सिल्व्हर ईटीएफ आहेत. सेबीने २०२१ च्या अखेरीस परवानगी दिल्यावर २०२२ च्या जानेवारीपासून ते आपल्याकडे सुरू झाले. त्यात घडणावळ नाही, टंचाची भानगड नाही. फंडाचा अल्पसा वार्षिक खर्च तेवढा असतो.

पण भावाची भीती त्यातही आहेच. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या बेसुमार खरेदीमुळे चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि मार्चअखेर ११ डॉलरच्या आसपास कोसळली. २०११ मध्ये पुन्हा पन्नाशीजवळ पोहोचली आणि २०१५ च्या शेवटी १४ डॉलरखाली आली. १९८० चा तो उच्चांक खऱ्या अर्थाने मागे पडायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. सौर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये चांदी लागते, त्यामुळे कारखाने मंदावले की तीही गडगडू शकते.

त्याच ऑक्टोबरमध्ये आमच्या ऑफिसात सगळे चांदीच्या मागे धावत होते. मागणी इतकी वाढली की, काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणंच काही काळ थांबवलं. माझी एक सहकारी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला निघाली होती. मी तिला कूचा महाजनीची गोष्ट सांगितली आणि तीनच प्रश्न विचारले. हे पैसे पाच-सात वर्षं लागणार नाहीत ना? भाव निम्मा झाला तर झोप लागेल ना? आणि घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे ना? तिने ठेव मोडली नाही. दरमहा हजार रुपये चांदीत घालायचं ठरवलं. मीही तेवढेच घालते, त्याहून जास्त नाही.

मागच्या धनत्रयोदशीला मी पुन्हा एक छोटं निरांजन आणलं. नवऱ्याने मिस्कीलपणे विचारलं, ''बँकेत जमा का?''

''नाही,'' मी म्हटलं, ''देवघरात. हा खर्च आहे, आणि तो मी खर्चाच्याच वहीत लिहिलाय.''