जुना शेगडा

रविवार. भंगारवाल्याने शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस, किलोवर तोलला, यातच माझा फायदा. चांगल्या स्क्रूला तराजूत वेगळा भाव नसतो. मूठ फिरवून आटे किती ढिले ते पाहिलं, मग जबडे मिटवून उजेडासमोर धरले. बिडावर वेल्डिंगची शिवण दिसली असती तर हातही लावला नसता. तडकलेलं बीड घरी सांधणं अवघड.

जयपूरच्या कोरड्या हवेत गंज बहुधा वरवरचा. कोकणात याचे पापुद्रे निघाले असते. इथला खरा शत्रू धूळ. ग्रीसमध्ये बसलेली वाळू आटे खाते, म्हणून स्क्रू आधी रॉकेलमध्ये. जबडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बारा व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला; धन टोकाला साधी लोखंडी पट्टी. तिथे स्टेनलेस स्टील मुळीच नको, विषारी क्रोमियम सुटतं. आणि हे सगळं गच्चीवर, कारण हायड्रोजन निघतो.

या शहराला यंत्रं नवी नाहीत. जयगडावर तोफांच्या नळ्या कोरायचं, बैलांनी फिरवायचं यंत्र आजही पाहायला मिळतं. १७२० ची जयबाण तोफ तिथलीच. बेअरिंगचा इथला कारखाना १९४६ चा. तरी जुनी लेथ दाखवताना दुकानदार मला हटकून ‘किर्लोस्कर है’ म्हणतात, माझं मराठी आडनाव ऐकून की काय! हरिहरला बनलेली ती लेथ अजून खिशाला झेपलेली नाही.

शेगडा घ्यायला जाल तर ताज्या रंगाला भुलू नका. खिळ्याने थोडा खरवडा, खाली लांबी भरलेली निघाली तर सरळ पुढच्या दुकानात जा.