वाद्याचा हातबदल

चाकणच्या कारखान्यांत आठ तासांची पाळी करणाऱ्या आम्हा हौशी वादकांना नवी बेस गिटार सहसा परवडत नाही. लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या नमुन्यावरून घडत आलेले हे चार तारांचे, मंद्र स्वरांचे वाद्य आमच्यात हातोहात फिरते. तारांच्या ताणाने आणि पावसाळी दमटपणाने त्याची मान वाकते. म्हणून घेणारा ती डोळ्यांसमोर धरून न्याहाळतो, एकेका पडद्यावर तार छेडून पाहतो. विकणाऱ्याने दोष आधी सांगावा, हा अलिखित संकेत. मुलीच्या प्रवेशशुल्कासाठी मी माझी गिटार विकायला काढली, तेव्हा एक व्यापारी दोन हजार रुपये अधिक देत होता. त्याच्याकडे ती भिंतीवर टांगलेली राहिली असती. मी ती पिंपरीतील एका शिकाऊ कामगाराला दिली. उणे पडलेले पैसे जादा पाळ्या करून भरून काढले. गिटार अजून वाजते आहे.