भाड्याचं घर आणि आपलं सामान

जुलै २०२४. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठा नदी शिरली. अशा वेळी ‘सोसायटीचा विमा आहे ना?’ हा प्रश्न हमखास निघतो. असतो. पण तो इमारतीचा. भाडेकरूचा फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं त्यात नसतात. घरमालकाच्या विम्यातही नसतात.

*

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी मिळते. घर आपलं नसलं तरी फक्त सामानापुरती घेता येते, हे फार थोड्या भाडेकरूंना ठाऊक असतं. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. चोरी मात्र अशा दुर्घटनेनंतर सात दिवसांच्या आत झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दागिन्यांसाठीही वेगळं.

*

नळ चालू राहिला आणि खालच्यांचं छत भिजलं, तर ही पॉलिसी त्यांची भरपाई देत नाही. भाडेकरूच्या हलगर्जीपणानं आग लागली, तर घरमालकाला पैसे देणारी कंपनी ते भाडेकरूकडून वसूल करू पाहते. तिसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारं जादा संरक्षण म्हणूनच विचारून घ्यावं.

*

भिंतीचा रंग विटला, नळाचा वॉशर झिजला, तर कोणी भरायचं? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की भाडेपट्ट्यानं घेतलेली जागा घेतली तशी परत द्यायची. वापरानं होणारी स्वाभाविक झीज आणि अनिवार नैसर्गिक आपत्ती वगळून. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेपट्टा नव्हे. तिथे कागदावर लिहिलेलं चालतं. तरीही न्यायाची रीत हीच असायला हवी. घर सोडताना रंगाच्या नावाखाली महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून सरसकट कापणं मला अन्यायाचं वाटतं. भिंतीला भोकं पाडली, खिडकीची काच फोडली, तर भाडेकरूनं भरावं. पावसाळ्यात ओल येऊन पोपडे सुटले, तर तो खर्च त्याचा नाही.

*

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

*

किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी मोबाइलवर भिंती, छत, बाथरूम, गीझर यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. दुरुस्ती कोणती कुणाकडे, हे करारात लिहून घ्या. आणि सामानाचा विमा पावसाळ्याआधी उतरवा.