परिशिष्ट एकमधली माणसं

सत्कार या प्रकाराशी माझं जुनं वैर आहे. अंथुर्ण्यासारख्या बारामती–इंदापूर रस्त्यावरच्या गावात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. आमच्याकडे सोसायटीवर निवडून आला की सत्कार, पोरगा फौजदार झाला की सत्कार, कुणाला कुठल्या आघाडीचं तालुक्याचं पद मिळालं की एसटी स्टँडवर फ्लेक्स आणि रात्री सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. एका पुढाऱ्याच्या खांद्यावरची शाल महिन्याभरात दुसऱ्याच्या खांद्यावर दिसते आणि दोघांनाही ते माहीत असतं.

मुलांच्या कार्यक्रमात तर हे बघवत नाही. तोंडाला रंग फासून, शेपट्या बांधून वाघ-माकडं विंगेत ताटकळत असतात आणि पुढे मान्यवरांची यादी संपत नाही. ससा झालेलं एक पोर विंगेतल्या खोक्याला टेकून गाढ झोपलेलं मी पाहिलंय. त्याची एंट्री आली तेव्हा त्याला उठवणारा मीच होतो.

म्हणून आमच्या बालनाट्य मंडळाच्या बैठकीत जुन्या कार्यकारिणीतल्या अध्यक्ष, चिटणीस, खजिनदारांचा सत्कार करावा असा विषय निघाला, तेव्हा विरोधात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. नाटक करतात मुलं, बसवतो दिग्दर्शक, लिहितो लेखक; कमिटीनं काय केलं, सह्या केल्या! शिवाय पदाला सत्कार चिकटला की पदासाठी भलतीच माणसं रांग लावतात, असंही मी म्हणालो. हा दुसरा मुद्दा मला आजही खरा वाटतो. विषय बारगळला आणि मी समाधानानं घरी गेलो.

माझं मत बदललं ते एका रुक्ष सरकारी कागदानं. संस्थेचे विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे तशी खबर द्यावी लागते. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. त्याच्यासाठी परिशिष्ट एकचा उतारा काढावा लागतो. शेतकऱ्याचा सातबारा, तसा संस्थेचा हा उतारा. नवा चिटणीस म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पुण्याला जाऊन उतारा आणला आणि परतीच्या एसटीत वाचायला घेतला. स्थापनेपासूनची नावं त्यात होती. बरीचशी मी कधी ऐकलीही नव्हती. आणि मी त्याच मंडळाचा चिटणीस!

जुन्या जाणत्या एका सभासदाकडे तो कागद घेऊन बसलो. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली.

एक खजिनदार किराणा दुकानदार होते. पहिल्या काही प्रयोगांच्या वेळी नाट्यगृहाची अनामत त्यांनी गल्ल्यातून भरली आणि परत मागितली नाही. ती रक्कम ताळेबंदात काही वर्षं ‘देणी’ म्हणून पडून होती, नंतर तिथूनही निघून गेली. एक चिटणीस बाई शिक्षिका होत्या. मुलींना नाटकात घ्यायचं तर बारामतीहून रात्री परतायचं कसं, या एका प्रश्नावर पालक नकार देत. बाई घरोघर गेल्या, प्रत्येक मुलीला दारापर्यंत सोडायचं कबूल केलं आणि तसं सोडलं. शेवटी स्वतःच्या घरी किती वाजता पोचत असतील ते त्यांनाच ठाऊक. आमच्या नाटकांत मुलींच्या भूमिका मुली करतात याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं.

एक अध्यक्ष तर मला फार आवडले. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुलं येतात. ती मुलंही नाटकात पाहिजेत असा या माणसाचा हट्ट. त्यामुळे तालमींचं सगळं वेळापत्रक उलटंपालटं व्हायचं, कारण पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत प्रयोग झाला नाही तर निम्मे नट बीडला निघून जायचे. एका वर्षी पट्टा लवकर पडला आणि प्रधानजीच गेले. त्या रात्री प्रधानाचं काम खुद्द अध्यक्षांनी केलं, डोक्याला मुलाच्या मापाची पगडी अडकवून.

आणि एकजण भांडून गेलेले. निवडणुकीच्या वर्षी तिकिटांच्या छपाईचा खर्च एक उमेदवार देतो म्हणाला, अट एवढीच की तिकिटावर त्याचा फोटो पाहिजे. बाकीच्यांनी मान डोलावली, यांनी राजीनामा दिला. पदासाठी रांग लावणाऱ्यांविषयी मी बैठकीत जे बोललो होतो ते हा किस्सा ऐकताना मला आठवलं.

हे सगळं गाव विसरलं कसं? विसराळूपणा गावाचा म्हणावा तर तसंही नाही. तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून आमच्याकडे मुक्कामाला येते. कुठल्या दिंडीचा तंबू कुठे पडतो, कुठल्या घरी पंगत असते, हे सगळं कागदाशिवाय चालतं, बापाकडून लेकाकडे जातं. बालनाट्याला हे सुख नाही. इथला नट दहावीला गेला की सुटला. पोराबरोबर आई-बापही सुटतात. काल रात्री बारापर्यंत पोशाख शिवणारी आई पुढच्या वर्षी क्लासच्या फीची चौकशी करत असते. मोठ्यांच्या नाटकात जुना नट असतो, तो चहाच्या टपरीवर तरी जुन्या गोष्टी सांगतो. मुलांच्या नाटकात दर पाच-सहा वर्षांनी सगळी माणसं नवी. टिकून राहतात ती कमिटीतली चार डोकी, आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही असं मी म्हणत होतो.

मराठी बालरंगभूमीकडे मग या नजरेनं पाहू लागलो. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, हे नाटकवाल्यांना माहीत असतं. ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण तर ज्यांनी पाहिली नाही तेही सांगतात. लेखक राहतो, दिग्दर्शक राहतो, चेटकीण राहते. राहू दे, त्यांचा तो हक्कच आहे. पण त्या प्रयोगांचा पडदा वेळेवर उघडावा म्हणून कुणीतरी परवाने, तारखा, भाडं, टेम्पो हे सगळं पाहिलंच असणार.

या माणसांची आठवण नीट ठेवल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत, आणि त्यांनीच मला वाट दाखवली. मुंबईची ‘आविष्कार’ १९७१ ची. सुलभा देशपांडे तिथे ‘चंद्रशाला’ हा मुलांचा विभाग चालवत. ‘दुर्गा झाली गौरी’ हे त्यांचं गाजलेलं नृत्यनाट्य. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, अरविंद देशपांडे, १९८७ मध्ये गेले. त्यांच्या नावानं संस्थेनं नाट्यमहोत्सव सुरू केला, म्हणजे आठवणीसाठी आणखी नाटकं केली. त्याच संस्थेचा कारभार अरुण काकडे यांनी कित्येक दशकं सांभाळला. छबिलदास शाळेतल्या दिवसांपासून जागा, पैसा, प्रयोग यांची जुळवाजुळव हेच त्यांचं काम. काकडेकाका २०१९ मध्ये गेले. ‘आविष्कार’चा इतिहास त्यांचं नाव टाळून कुणाला लिहिता येणार नाही.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनं तर याहून पुढचं केलं. १९६३ पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा कुणा नटसम्राटाच्या नावाची नाही. ते नाव संस्थेचे सरचिटणीस पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब वझे यांचं. एका चिटणिसाच्या नावाचा करंडक मिळावा म्हणून कॉलेजातली पोरं महिनोन् महिने झोप उडवून तालमी करतात! २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांना एकही संघ करंडकाच्या लायकीचा वाटला नाही, आणि त्यांनी तो कुणालाच दिला नाही. आरडाओरडा झाला, होणारच. मला मात्र वाटतं, वझ्यांचा त्याहून मोठा मान कुठल्या शालीनं झाला नसता.

तेव्हा जुन्या पदाधिकाऱ्यांचा मान व्हायला पाहिजे, या मताला मी आलो आहे. शालीला माझा विरोध मात्र कायम आहे, आणि प्रयोगाच्या आधी सत्कार ठेवाल तर पुन्हा भांडेन. आम्ही आता असं ठरवलंय की मान द्यायचा तो तालमीच्या पहिल्या दिवशी, मुलांच्या देखत. त्या माणसानं येऊन मुलांना आपल्या वेळच्या नाटकाची एक गोष्ट सांगायची. फजितीची असली तर उत्तम. कुणीतरी ती लिहून घ्यायची आणि प्रयोगाच्या पत्रिकेच्या मागच्या पानावर छापायची. पूर्वी तिथे जाहिरात असे. त्या जाहिरातीचे पैसे बुडतात, खजिनदार कुरकुरतात. कुरकुरू देत, त्यांचीही पाळी येणार आहे.

राजीनामा देऊन गेलेल्या गृहस्थांना बोलवायला मी स्वतः गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “येतो, पण मी का गेलो तेही पोरांना सांगणार.” सांगा म्हटलं. अध्यक्षांना मात्र आम्ही गाठू शकलो नाही. प्रधानाची ती पगडी कशी अडकवली होती हे त्यांच्या तोंडून ऐकायचं राहून गेलं.

तुमच्या गावात मुलांची नाटकं बसवणारी संस्था असेल तर तिचा परिशिष्ट एकचा उतारा काढून आणा. फी किरकोळ आहे. त्यातले जे हयात आहेत त्यांच्याकडे या दिवाळीच्या सुट्टीतच जा, आणि जाताना चार-दोन मुलं बरोबर न्या.