'अंक छान आहे'च्या पुढे

मुलांनो, तुम्ही कधी एखाद्या मासिकाला पत्र लिहिलंय? मी लिहिलं होतं, पाचवीत असताना. पोस्टकार्डावर. 'आपला अंक छान आहे. मला खूप आवडला. गोष्टी जास्त द्या.' बस्स, एवढंच! मग महिनाभर रोज पोस्टमनकाकांची वाट पाहिली. उत्तर आलं नाही आणि पत्र छापूनही आलं नाही. त्या संपादकांवर मी अगदी रुसून बसले होते. तो रुसवा जायला बरीच वर्षं लागली, आणि गेला तो माझ्या भाच्यामुळे.

भाचा नववीत आहे. त्याला आणि त्याच्या दोस्तांना एका खेळाचं भारी वेड. लहानपणी आपण भातुकली खेळतो, तेव्हा कुणी आई होतं, कुणी पाहुणे होतं. तसंच इथं कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार. एकजण सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून गुरगुरण्याचा आवाज येतोय. काय करता?" मग ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. वार बसला की हुकला, हे ठरवायला वीस बाजूंचा फासा! अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा खेळ आणला, आणि तिथून या खेळांची लाटच आली.

तर या मंडळींनी सुट्टीत या खेळाचं एक हस्तलिखित काढलं. आठ पानं, हातानं काढलेली चित्रं, वीस झेरॉक्स प्रती. नवे राक्षस, नवी भुयारं, एक गोष्ट. शेवटच्या पानावर चौकट : 'आपल्या सूचना कळवा.'

सूचना आल्या की हो! एकानं लिहिलं, 'गोष्ट मोठी हवी.' दुसऱ्यानं लिहिलं, 'गोष्ट कशाला? राक्षस वाढवा.' तिघांनी लिहिलं, 'मस्त!' आणि सोसायटीतल्या सातवीतल्या एका मुलीनं वहीचं अख्खं पान भरून पाठवलं. 'तिसऱ्या पानावरच्या राक्षसाला तुम्ही ६० गुणांची ताकद दिली आहे. आम्ही चौघीजणी तीनदा खेळलो. तिन्ही वेळा सगळ्या मेलो. ३५ गुण करून पाहिले, तेव्हा दोघी वाचल्या आणि मजा आली. आधी फासा कोणी टाकायचा, हे कुठंच लिहिलेलं नाही.'

भाच्याचा चेहरा लालबुंद! "मावशी, सातवीतली पोरगी मला चुका दाखवणार?" तो ते पान फाडायलाच निघाला होता. मी म्हटलं, "फाड हवं तर. पण आधी मला सांग, तुझ्या त्या परदेशातल्या मासिकांत वाचकांच्या पत्रांचं काय करायचे?"

त्या खेळाचा इतिहास त्याला तोंडपाठ. घुश्श्यातच सांगायला लागला. 'ड्रॅगन' नावाचं मासिक अमेरिकेत १९७६ साली सुरू झालं आणि २००७ पर्यंत छापलं गेलं. त्यात वाचकांच्या पत्रांचं एक सदर होतं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'फांदीच्या टोकावर' असा. मला ते नाव फार आवडलं. आपलं मत मांडायचं म्हणजे फांदीच्या टोकाशी जाऊन बसायचंच की! तिथं वाचक नियमांवर वाद घालत, चुका दाखवत, हे द्या आणि ते नको म्हणत. आणि संपादक खाली उत्तरही छापत. पुढे १९८६ साली त्याच कंपनीनं 'डंजन' नावाचं वेगळं मासिक काढलं. त्यात खेळायला तयार अशी साहसंच असत आणि ती बहुतेक वाचक-खेळाडूंनीच लिहून पाठवलेली असत. म्हणजे पत्र लिहिणारेच लेखक झाले!

"आणि इंग्लंडमध्ये?" मी विचारलं. आता त्याचा राग जरा निवळला होता. तिथं १९७७ साली 'व्हाइट ड्वार्फ' सुरू झालं. 'व्हाइट ड्वार्फ' म्हणजे 'श्वेत बटू'. आकाशातल्या एका प्रकारच्या ताऱ्यालाही हेच नाव आहे. त्यात लवकरच एक सदर आलं, वाचकांनी स्वतः रचलेल्या राक्षसांचं. तुमच्याच वयाच्या, शाळेत जाणाऱ्या चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या मुलानं त्या सदरासाठी राक्षस पाठवले. 'राक्षस जास्त द्या' असं नुसतं लिहून तो थांबला नाही. राक्षसच रचून पाठवले! ते कसे दिसतात, कुठे राहतात, कुणाशी त्यांचं हाडवैर, किती ताकद, सगळं लिहून. त्यातल्या एका जमातीचं नाव 'गिथयांकी'. हे नाव त्यानं एका कादंबरीतून घेतलं होतं. १९७९ साली ते छापून आलं. १९८१ साली त्या सदरातल्या राक्षसांचं पुस्तक निघालं, तर मुखपृष्ठावर गिथयांकी! २०२३ साली आलेल्या, मोठ्या माणसांसाठीच्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकावरच्या खेळातही ते आहेत. आणि तो मुलगा? पुढे विज्ञानकथा लिहिणारा नावाजलेला लेखक झाला.

"समजा," मी हळूच म्हटलं, "त्या संपादकांनी म्हटलं असतं, हा शाळकरी पोरगा आम्हाला काय शिकवणार?"

भाचा गप्प. मग ते पान त्यानं सरळ केलं, घडीवरून बोट फिरवलं आणि दोस्तांना बोलावून आणलं. त्या दुपारी ते साठ गुणांच्या राक्षसाशी लढले. सगळे मेले! दुसऱ्या अंकात राक्षस ३५ गुणांचा झाला. 'आधी फासा कोणी टाकायचा' याची चौकट आली. खाली त्या मुलीचं नाव छापलं. तिसऱ्या अंकासाठी तिनं स्वतःच एक भुयार रचून आणून दिलं. आता ती रविवारी यांच्यातच खेळते, आणि नियमांवरून भाच्याशी कडाकडा भांडतेही!

मला मात्र माझं पोस्टकार्ड आठवलं. 'गोष्टी जास्त द्या.' पण कुठल्या गोष्टी? भुतांच्या की हसवणाऱ्या? आणि त्यांच्यासाठी कुठलं पान काढून टाकायचं? अंकाची पानं तर ठरलेली असतात! बिचाऱ्या संपादकांनी त्या एका ओळीचं करायचं तरी काय? 'मस्त' लिहिणाऱ्या तिघांनी भाच्याला आनंद दिला, नाही असं नाही. पण अंक सुधारला तो त्या वहीच्या पानानं. कारण तिनं आधी खेळून पाहिलं होतं. अडलं कुठे, ते पान नंबरासकट सांगितलं होतं. काय केलं तर चालेल, तेही करून बघितलं होतं. आणि हो, कुणालाही नावं ठेवली नव्हती.

आता माझ्या वर्गातही सूचनापेटी आहे. चिठ्ठीत नुसतं 'बाई, वर्ग छान आहे' असेल, तर मी हसून ती जपून ठेवते. पण गेल्या महिन्यात तिसरीतल्या एकानं लिहिलं, 'बाई, फळ्याच्या उजवीकडे तुम्ही लिहिता ते खिडकीजवळ बसल्यावर चमकतं, दिसत नाही.' मी त्याच्या जागेवर जाऊन बसले. खरंच दिसत नव्हतं! इतके दिवस मला पत्ताच नव्हता. पडदा ओढला आणि काम झालं.

तर दोस्तांनो, हा अंक वाचून झाला की कागद घ्या. काय आवडलं ते लिहाच, पण कुठे अडलात, काय कंटाळवाणं वाटलं, तेही लिहा. कोडं हवं असेल तर एक रचून सोबत पाठवा. आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलांचं पत्र तुम्ही सुधारून देऊ नका हं. शुद्धलेखन चुकलं तर चुकू दे. फांदीच्या टोकावर त्यांना एकट्यानं बसू दे की!