मगिद्दोचा दगड

मिसरचा राजा शिशक याने रहबामाच्या पाचव्या वर्षी यरुशलेमवर स्वारी केली, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. हा शिशक म्हणजे मिसरी लेखांतला पहिला शेशोंक, असे बहुतेक विद्वान मानतात. त्याचे नाव कोरलेला दगडाचा एक तुकडा यरुशलेमच्या रॉकफेलर म्यूझियमच्या संग्रहात आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा पेन्शनर मैत्रिणी तो पाहून आलो. पाहायला फारसे काही नाही. फुटका दगड, त्यावर लंबगोल चौकटीत राजाचे नाव. “एवढ्यासाठी दोन बसेस बदलल्या?” असे एकीने विचारलेच!

पण त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९०३ ते १९०५ या काळात जर्मन मंडळींनी मगिद्दोची टेकडी खणली. हा तुकडा त्यांच्या नजरेतून निसटला आणि उपसलेल्या मातीच्या ढिगात जाऊन पडला. १९२५ साली शिकागो विद्यापीठाच्या मंडळींना तो त्या ढिगाजवळ मिळाला. नाव तर वाचता आले. पण दगड निघाला कोणत्या थरातून? मगिद्दोत वस्तीवर वस्ती, असे वीसएक थर आहेत. तो आपल्या जागी सापडता, तर इ. स. पूर्व दहाव्या शतकात शिशक आला तेव्हाचे नगर कोणते, हे ठरवायला मोठा आधार मिळाला असता. तेथली वेस आणि वाडे शलमोन राजाचे की मागाहूनचे, हा वाद आजही चालू आहे. कार्नाकच्या देवळातल्या शेशोंकाच्या यादीत मगिद्दोचे नाव आहे खरे, पण त्यावरून थर कळत नाही.

आमची एक मैत्रीण म्हणाली, “नवगावला आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर एक अक्षर नाही, तरी जागा आपण दाखवतो. याचे उलटेच झाले.”

त्या जर्मनांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, टेलिफोन वाजला म्हणून, आम्ही रक्ताच्या दोन नळ्या लेबल न लावताच ट्रेमध्ये ठेवल्या. परत येऊन पाहतो तो कोणती कोणाची? रक्त चांगले होते, तपासणीही झाली असती, पण उपयोग काय! मोठ्या सिस्टरने दोन्ही नळ्या फेकायला लावल्या. त्यांतली एक फार म्हाताऱ्या आजींची होती. त्यांची शीर मोठ्या मुश्किलीने सापडली होती. आम्ही पुन्हा सुई घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी काही न विचारता दुसरा हात पुढे केला.